परवा संध्याकाळी सात

जावयाने सासऱ्याचा सल्ला मागितला, इथूनच सगळं बिघडलं.

सासऱ्यांना ऑफिसात शेरेकाका म्हणत, कारण शेरा मारल्याशिवाय एकही फाइल त्यांच्या टेबलावरून हलली नव्हती. निवृत्तीनंतर शेरा मारायला फाइल उरली नाही. (स्वयंपाकावर शेरे मारून पाहिले होते. काकूंनी दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवलं.) अशात एका रविवारी जावई काळा डबा घेऊन आला. टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर सामान्य माणसाला सोपं करून देणं, ही त्याची नोकरी.

"बाबा, हे तुम्ही वापरून बघा," तो म्हणाला. "तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल, असं आमचे साहेब म्हणतात."

या वाक्याचे दोन अर्थ निघतात. काकांनी सोयीचा घेतला.

डबा हुशार होता. टीव्ही चालू असताना लागलेले मागच्या तीन दिवसांचे कार्यक्रम तो आपणहून पोटात ठेवी आणि त्यातला एखादा मागितला तर कायमचा जपून ठेवी. पुढचा एखादा हवा असेल तर मात्र पडद्यावर तारीख, वार, सुरुवात, शेवट, वाहिनी असे नऊ रकाने भरायचे.

"नऊ रकाने?" जन्मभर लोकांकडून अठरा रकान्यांचे फॉर्म भरून घेतलेल्या काकांना धक्का बसला. "जावईबापू, घरात कुणी असं बोलतं का? 'चौदा तारखेला एकोणीस वाजता चहा ठेव', असं मी हिला म्हटलं तर काय होईल?"

"चहा मिळणार नाही," काकू आतून म्हणाल्या.

"बघा. माणूस उद्या म्हणतो, परवा म्हणतो. यंत्राने माणसाची भाषा शिकावी. माणसाने यंत्राची का म्हणून?"

काकांनी सहा फुलस्केप पानांची टिपणी लिहून दिली. आठवड्याने जावयाचा लेखी प्रश्न आला: 'परवा' म्हणजे गेलेला की येणारा? इतका साधा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडावा, याचं काकांना नवल वाटलं. त्यांनी समासात शेरा मारला, 'संदर्भावरून समजावे', आणि कागद परत पाठवला. जावई आज्ञाधारक. महिन्याभरात डब्याचे नऊ रकाने गेले. आता रिमोटमध्ये नुसतं बोलायचं.

त्याच सुमारास काकूंना टीव्हीवर बोलावणं आलं. काकू एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जुन्या ऑपरेटरांवर थेट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम होता आणि त्यात अकरा मिनिटं काकूंची मुलाखत. घरच्या तिघांना प्रेक्षकांत बसायला पास मिळाले.

"मी तिथे बसणार म्हणजे मला मी दिसणार नाही," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला, तोंड कुणी पाहिलं नाही. एकदा बघायचंय मला, मी बोलताना कशी दिसते ते. अहो, रेकॉर्ड होईल ना नीट?"

"आई, मी लावून देतो," जावई म्हणाला.

"तुम्ही यात पडू नका," काका म्हणाले. जावई आज्ञाधारकपणे गॅलरीत गेला. काकांनी रिमोट तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि भाषण केल्यासारखं म्हटलं, "वाहिनी बारा. परवा संध्याकाळी सात."

हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: रेकॉर्डिंग पूर्ण.

काका थक्क झाले. "बघ, परवाचं काम आजच पूर्ण. आमच्याकडे परवाच्या कामाला पुढचं वर्ष उजाडायचं."

"अहो, पण मी अजून तिथे गेलेही नाही. पूर्ण कसं होईल?"

"अगं, म्हणजे व्यवस्था पूर्ण."

(काम सुरू होण्याआधी कागदावर 'पूर्ण' लिहिलेलं पाहून संशय यावा, अशा ऑफिसात काकांनी नोकरी केली नव्हती.)

मुलाखत झकास झाली. शेवटी निवेदिकेने विचारलं, "आणि घरून साथ कशी होती?" काकू म्हणाल्या, "आमचे हे फार व्यवस्थित. यांच्यावर काम सोपवलं की मागे वळून बघावं लागत नाही."

प्रेक्षकांत बसलेले काका जागच्या जागी हादरले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. पहिली स्तुती, आणि तीही चारचौघांत नव्हे, अख्ख्या जगासमोर. मुलीने त्यांना रुमाल दिला.

घरी आल्यावर काकू साडीसुद्धा न बदलता टीव्हीसमोर बसल्या. काकांनी बटण दाबलं. पडद्यावर एक प्लंबर सिंकखाली डोकं घालून बसला होता. कार्यक्रमाचं नाव होतं 'तुंबलेल्या सिंकवर सात उपाय'.

"माझ्या आधी हे होतं का?" काकूंनी विचारलं.

"असेल. संपेल आता."

सातही उपाय झाले. प्लंबरने नमस्कार केला. पडदा काळा झाला.

"आई कुठे आहे?" मुलीने विचारलं.

जावयाने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, आज टीव्ही बंद होता, म्हणून डब्याने आपणहून काही ठेवलं नाही. आणि तुम्ही 'परवा' म्हणालात. तेव्हा डब्याच्या पोटात एक परवाची संध्याकाळ आधीच होती. त्याने संदर्भ पाहिला आणि तीच जपून ठेवली."

"असा कसा पाहील? संदर्भ कुठला ते कळायला नको?"

"मी लेखी विचारलं होतं, बाबा," जावई हळूच म्हणाला.

काकू उठून आत गेल्या आणि साडी बदलून आल्या. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी काका टीव्हीच्या ऑफिसात जाऊन आले. थेट कार्यक्रम जपून ठेवायची तिथे पद्धतच नव्हती.

पुढच्या रविवारी काकांची बहीण आली. "वहिनी, तुझा कार्यक्रम बघायचा राहिला गं. दाखव ना."

काकूंनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकीवर स्वतः बसल्या, दुसरीवर काकांना बसवलं. "विचारा प्रश्न. तुम्ही होतात ना तिथे?"

अकरा मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली. मूळ कार्यक्रमात नसलेले तीन ट्रंककॉल आणि एका साहेबाची फजिती त्यात आली. बहीण डोळे पुसत हसत होती. काकांचं लक्ष मात्र शेवटच्या प्रश्नाकडे लागलं होतं. संधी मिळताच त्यांनी तो विचारला.

"आणि घरून साथ कशी होती?"

काकूंनी पदर सारखा केला.

"याला मी काय उत्तर दिलं होतं, ते नेमकं आठवत नाही," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग बघून सांगावं लागेल."