नानांच्या एअरकंडिशनरचा खटला

नाना खांबेटे वांगीसुद्धा सुनावणी घेतल्याशिवाय विकत घेत नसत. भवानीपूरच्या बाजारात उभे राहून ते आधी वांग्यांच्या बाजूने बोलायचे, मग वांग्यांच्या विरुद्ध बोलायचे आणि शेवटी पिशवी काखोटीला मारून म्हणायचे, "निकाल राखून ठेवला आहे." भाजीवाला बंगाली होता, पण तो निमूटपणे अर्धा किलो वांगी तोलायला घ्यायचा. निकाल काय लागणार हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

नानांची सगळी नोकरी कलकत्त्याच्या कोर्टात, न्यायमूर्तींपुढे कागद मांडण्यात गेली. स्वतः निकाल द्यायची वेळ कधी आली नाही, ती हौस त्यांनी निवृत्तीनंतर घरात भागवून घेतली. मी बँकेच्या बदलीवर तिथे गेलो आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहिलो. सामान उतरवत होतो तेव्हा नाना जिन्यात आले, माझ्याकडे आणि माझ्या ट्रंकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपण आल्याची नोंद घेतली आहे." चहाला बोलावतील म्हणून मी थांबलो. ते वर निघून गेले. चहा त्यांच्या बायकोने, काकूंनी पाठवला.

त्या घरात एक एअरकंडिशनर होता. सत्तरीच्या दशकात आमच्या गल्लीत पंखा असला तरी माणूस खाऊनपिऊन सुखी समजला जाई, तिथे हे प्रकरण म्हणजे हत्तीच. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात नानांनी तो घेतला होता. तो बसावा म्हणून खिडकी फोडून मोठी करावी लागली. चालू झाला की माझ्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या थरथरायच्या. नाना त्याला 'यंत्र' म्हणत आणि रोज दुपारी दोन ते चार, माकडटोपी आणि शाल घालून, त्याच्यासमोर बसत.

"नाना, एवढं गार वाटतं तर बंद करा ना," मी एकदा म्हणालो.

"यंत्र आपलं काम करतंय," नाना म्हणाले. "आपण आपलं करावं."

यंत्राची खोली खरं म्हणजे त्यांच्या मुलीची, शालिनीची. तिला उन्हाळ्यात अंगभर घामोळं यायचं, अभ्यास सुचायचा नाही, म्हणून ते यंत्र आलं. ती एम. ए. झाली आणि तपन नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. तपनचा शहराच्या बेहाला भागात छोटासा कारखाना होता. तिथे तो फ्रिज आणि असलीच थंड करणारी यंत्रं दुरुस्त करायचा. मुलगा बंगाली असण्याला नानांची फारशी हरकत नसावी, ते स्वतः माशाचा काटा बंगाल्यासारखा काढत. पण कोर्टातल्या माणसाची लेक आणि जावयाच्या हातात पाना, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी सुनावणी न घेता एका वाक्यात सांगितलं, "अर्ज नामंजूर." असं त्यांनी आयुष्यात एकदाच केलं. मुलीने रजिस्टर लग्न केलं. त्यानंतर चार वर्षं त्या घरात तिचं नाव निघालं नाही.

काकू मात्र दर मंगळवारी कालीघाटला देवीच्या दर्शनाला जात. तिथे लेकही यायची. देवीचं दर्शन झालं नाही तरी चाले, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या वर्षी चैत्रात काकू असंच जाऊन आल्या आणि थेट आमच्याकडे येऊन बसल्या. शालिनीला सातवा महिना लागला होता. सासू हयात नाही, घरात करणारं कुणी नाही, वर पत्र्याचं छप्पर.

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं हो," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "पण यांना विचारणार कोण?" आणि पदराने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं. आधी घरघरलं, मग एक मोठा आचका देऊन गप्प झालं. आमच्या कपबश्या पहिल्यांदाच स्वस्थ बसल्या.

रविवारी नानांनी मला वर बोलावलं. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. "प्रश्न असा," नाना म्हणाले, "की यंत्र दुरुस्त करावं की नवं आणावं. तुम्ही नव्याच्या बाजूने बोला."

मी बोललो, आणि चांगलं बोललो. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने नवं यंत्र पंधरा दिवसांत मिळण्यासारखं होतं. आवाज कमी, वीज कमी. या जुन्याचे सुटे भाग साहेबाबरोबरच बोटीत बसून गेले असणार. काकू दारात उभ्या राहून मान डोलवत होत्या. नानांनी सगळं टिपून घेतलं आणि म्हणाले, "युक्तिवाद उत्तम. आता दुरुस्तीच्या बाजूचे साक्षीदार ऐकू."

साक्षीदार मीच शोधून आणायचे, हे मला तेव्हा समजलं. नव्याचा वकील मी आणि जुन्यासाठी धावपळही माझीच.

पहिला मिस्त्री हावड्याहून आणला. म्हातारा, अनुभवी. त्याने यंत्राला हात लावण्याआधी विडी पेटवली. नाना म्हणाले, "साक्षीदार विश्वासार्ह नाही." दुसरा डमडमचा. तो दारातूनच म्हणाला, "गॅस गेलाय." नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुरावा न पाहता निकाल देणारा माणूस त्यांना घरात नको होता. तिसरा श्यामबाजारचा, स्वच्छ शर्टातला, अदबीने बोलणारा. त्याने यंत्र उघडलं, तासभर तपासलं आणि कॉम्प्रेसर जळल्याचं नीट समजावून सांगितलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

"राहता कुठे?" नानांनी विचारलं.

"श्यामबाजार."

"आमच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे," नाना म्हणाले आणि उठले.

मिस्त्री गेल्यावर माझा तोल गेला. तीन रविवार माझे फुकट गेले होते आणि बाहेर वैशाख पेटला होता. "नाना, एकदा स्पष्ट सांगा," मी म्हणालो. "तुम्हाला मिस्त्री हवाय तरी कुठला?"

नानांनी त्या उघड्या यंत्राच्या लोंबणाऱ्या तारा एकेक करून आत सारल्या.

"बेहालाकडे म्हणे," ते म्हणाले, "बरे कारागीर आहेत."

काकूंच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं. ते कलंडलं आणि तांदूळ खोलीभर झाले. नानांनी तिकडे पाहिलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. तीन आठवडे मी या माणसाला विक्षिप्त म्हणून शिव्या घालत होतो, आणि तो बिचारा कलकत्त्यातले मिस्त्री एकेक करून संपवत होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा भरला. नाना म्हणाले, "यंत्राच्या पाहणीसाठी करंज्या कशाला?" आणि डबा वाटेत उघडू नये म्हणून स्वतःच सुतळीने करकचून बांधला. मग माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. लेकीला सासरहून आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला आपण मुराळी म्हणतो. ट्रामच्या पायरीवर पाय ठेवताना माझ्या ध्यानात आलं की मी मुराळी झालो होतो.

तपनने पाकीट उघडलं आणि वाचता येईना म्हणून शालिनीला दिलं. नानांच्या वळणदार मराठीत लिहिलं होतं, की भवानीपूर येथील यंत्र नादुरुस्त असून आपण समक्ष पाहणीस हजर राहावे. खाली, जरा घाईच्या अक्षरात, आणखी दोन ओळी होत्या. 'येताना घरच्या मंडळींना आणावे. ट्रामने येऊ नये, धक्के बसतात. टॅक्सी करावी.'

शालिनीने तो कागद तीनदा वाचला. "हे बाबांनी लिहिलंय?" एवढंच तिने मला विचारलं. मग ती रडायला लागली, रडता रडता सुतळी सोडायला लागली, आणि ती काही सुटेना.

रविवारी टॅक्सी आली. नाना गॅलरीतून आत गेले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. तपनने वाकून नमस्कार केला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि यंत्रापुढे बसला. पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की श्यामबाजारवाला खरं बोलत होता. यंत्र संपलं होतं. तपनने एकदा शालिनीकडे पाहिलं, एकदा सासऱ्याच्या वर्तमानपत्राकडे पाहिलं.

"होईल, बाबा," तो बंगालीत म्हणाला. "पण वेळ लागेल. रोज संध्याकाळी येऊन थोडं थोडं करावं लागेल. दोन-तीन महिने सहज."

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "घाई नाही."

शालिनी राहिली ती राहिलीच. तपन रोज कारखाना बंद करून यायचा, यंत्राचा एखादा स्क्रू काढायचा, जेवायचा आणि तोच स्क्रू लावून जायचा. नाना शेजारी बसून त्याचं काम बारकाईने पाहत. पाना कुठला ते विचारत.

मला मात्र त्या मुलीची काळजी वाटायला लागली. उकाडा भयंकर, त्यात दिवसातून दोनदा वीज जायची. मी सहकाऱ्याला गाठलं, नवं यंत्र पक्कं केलं आणि एका दुपारी ती बातमी घेऊन जिना चढलो. वीज गेलेली होती. खोलीचं दार लोटलेलं होतं, ते मी ढकललं.

शालिनी कुशीवर निजली होती. उशाशी नाना स्टुलावर बसले होते, गंजीफ्रॉक घामाने चिकटलेला. त्यांच्या हातात ताडाचा पंखा होता. तो ते एका लयीत हलवत होते आणि हात भरून आला की न थांबता दुसऱ्या हातात घेत होते. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."