कोंबड्याच्या शिक्क्याचा पाव

आमच्या शेजारच्या रोझामावशी शिक्का मारल्याशिवाय पाव भट्टीत घालत नाहीत. लाकडी शिक्का, त्यावर कोरलेला कोंबडा. दिवाळीत माझ्या बायकोनं, शुभदानं, त्यांना पुरणपोळी नेऊन दिली, तर बाईंनी त्या पोळीवरही कोंबडा उठवला! "शिक्का नाही, तो पाव अनाथ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अहो, ती पोळी आहे, असं सांगायची सोय नाही. असे डोळे वटारतात, की माझ्यासारखा नागपूरचा बोलघेवडाही गप्प बसतो.

मावशी इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावच्या. घरं कड्यातच कोरलेली, एकाच्या छतावरून दुसऱ्याची पायवाट. भट्टी मात्र सगळ्या आळीत मिळून एकच. कणीक ज्यानं त्यानं घरी मळायची आणि तिथे न्यायची. सगळ्यांचे पाव एकत्र भाजले जाणार, मग आपला कुठला हे कळावं म्हणून घराघराचा वेगळा शिक्का. मेंढपाळ मेंढ्या चारताना बसून ते कोरत. मावशींचा कोंबडा त्यांच्या वडिलांनी ऑलिव्हच्या लाकडात कोरलेला.

इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, मावशींनी बॅकयार्डात तसलीच भट्टी बांधून घेतलीय. लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढी! दर शनिवारी ती पेटते आणि आत एकच पाव जातो.

गेल्या शनिवारी वाऱ्यानं ठिणगी उडाली आणि आमचं कुंपण पेटलं. मी पाण्याचा पाइप घेऊन धावलो म्हणून निभावलं. ही बातमी त्यांच्या मुलाला, टोनीला, कळली. या शनिवारी तो भट्टी पाडायला माणूसच घेऊन आला.

आरडाओरडा ऐकून आम्ही दोघं धावलो. मावशी भट्टीच्या तोंडाशी आडव्या उभ्या. आत विस्तव, हातात शिक्का मारलेला कच्चा पाव.

"ममा, बाजूला हो. एकटी असताना काही झालं तर?"

"पाड ना. आधी मला पाड!"

घणवाला बिचारा आपल्या बुटांकडे बघत उभा. म्हातारी खरंच हलणार नव्हती, आणि मुलगाही तिच्याच पोटचा.

टोनी चिडून म्हणाला, "आणि एकट्या पावाला शिक्का कशाला? कुणाच्या पावात मिसळणार आहे तो?"

मावशी अगदी हळू म्हणाल्या, "कुणी आपला पाव भाजायला घेऊन आलं तर?"

शुभदा ताडकन घरात गेली. पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा आणि करंजीचं कातणं घेऊन परत आली.

"शिक्का?" तेवढ्यातही मावशींनी दरडावलंच.

शुभदानं कातण्यानं गोळ्यावर नागमोडी रेघ ओढली. "हा आमचा." मग टोनीकडे वळली. "दर शनिवारी मी इथे असेन. त्या एकट्या नसतील. आणि हा पाइप धरून उभा राहील." हा म्हणजे मी. मला कोण विचारतो!

टोनीनं घणवाल्याला जायची खूण केली.

पाव बाहेर निघाले. मावशींचा टम्म, खरपूस. आमचा बसका आणि कडकडीत, कुणाला मारला तर टेंगूळ येईल. मावशींनी कोंबड्याचा पाव शुभदाच्या हातात दिला आणि आमचा एप्रनमध्ये गुंडाळला.

"मावशी, अदलाबदल झाली," मी म्हटलं.

"गप्प बस," म्हणाल्या, आणि आमचा तो धोंडा छातीशी धरून रडायला लागल्या.