मागच्या काचेवरचं कॉलेज

कर्ट हॉवलँडने लावलेली एकही गोष्ट आजवर वाकडी गेली नव्हती. फरशा बसवणं हा त्याचा धंदा. मिनेसोटातल्या नॉर्थ विलो गावात निम्म्या स्वयंपाकघरांत त्याच्या हातची फरशी होती, आणि तिच्यावर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने आपल्या व्हॅनच्या मागच्या काचेवर हॅलव्हर्सन कॉलेजचा स्टिकर लावला, तोसुद्धा पाणसळ धरून लावला. मग चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून त्याने तो पाहिला आणि याला म्हणतात काम, असं स्वतःलाच सांगितलं.

काम चोखच होतं. अडचण एवढीच होती की त्याच्या मुलीला, ब्रिटाला, हॅलव्हर्सनमध्ये प्रवेश मिळालेला नव्हता. म्हणजे त्यांनी नाकारला होता असंही नाही. तिने अजून अर्जच केला नव्हता! आणि तो करायचा की नाही यावरून घरात पंधरवडाभर धुसफूस चालू होती.

भांडण आगाऊ अर्जाचं होतं. नोव्हेंबर लागायच्या आत एकाच कॉलेजला अर्ज करायचा, घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन असं लिहून द्यायचं, खाली आईबापांनी सह्या ठोकायच्या, की नाताळाच्या आधी उत्तर हातात. होकार आला की बाकीच्या कॉलेजांकडे बघायचंसुद्धा नाही. हे नको असेल तर चार ठिकाणी साधे अर्ज टाकायचे आणि एप्रिलपर्यंत नखं खात बसायचं. कर्टला पहिला रस्ता हवा होता. त्याची बायको जॅनेल हिलाही तोच हवा होता, कारण हॅलव्हर्सन गाडीने दोन तासांवर होतं आणि मुलगी रविवारी जेवायला येऊ शकली असती. ब्रिटा मात्र म्हणत होती, मला काय हवंय ते मला अजून ठरवता येत नाही, मला वेळ द्या.

वेळ देणं हा कर्टचा प्रांत नव्हता. फरशीखालचा मसाला सुकायला ठेवून तो घरी जेवायला यायचा आणि शेवटचा घास तोंडात असतानाच परत जाऊन बोटाने दाबून बघायचा. मुलगी एप्रिलपर्यंत थांबेल, हातची जागा जाईल आणि मग ती इथेच अडकून पडेल, या विचाराने त्याला रोज पहाटेच जाग यायची. कॉलेज बघायला गेले होते तेव्हा तिथल्या दुकानात त्याने तो स्टिकर घेतला होता. तो जॅकिटाच्या खिशात राहिला आणि कर्टचे हात शिवशिवत राहिले.

आता, या भागात कॉलेजचा स्टिकर गाडीवर कधी चढवायचा याचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: पत्र आल्यावर. त्याआधी लावणं म्हणजे साखरपुड्याआधी लग्नपत्रिका वाटणं. असला अगोचरपणा इथे कुणी करत नाही, त्यामुळे काचेवर स्टिकर दिसला की पोरगं लागलं कॉलेजला, असंच सगळे धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर तळघरात कॉफी चालू असताना, जॅनेल आणि ब्रिटा अजून वरच होत्या तेव्हा, मार्लिसबाईंनी कर्टला गाठलं. या बाई शेजारच्याच, वय ऐंशीच्या घरात, आणि गावात काय चाललंय हे त्यांना चर्चच्या पास्टरबाईंच्या आधी कळायचं. त्यांनी कर्टचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अभिनंदन केलं. कर्टच्या तोंडात त्या वेळी केकचा मोठा तुकडा होता. तो गिळून खरं काय ते सांगायचं त्याच्या मनात होतं. पण तेवढ्यात आणखी दोघांनी पाठीवर थाप मारली, कुणीतरी ‘पोरीने नाव काढलं’ म्हणालं, आणि कर्टला ते सगळं इतकं गोड लागलं की केक कधीच गिळून झाला तरी तोंड काही उघडेना. शिवाय, खोटं कशाला बोलू, त्याच्या मनात एक लबाड विचारही डोकावला. सगळं गावच जर हॅलव्हर्सन म्हणायला लागलं, तर पोरगी एकटी किती दिवस नाही म्हणेल?

हा विचार त्याने जॅनेलला सांगितला नाही. यावरूनच तो विचार लबाड आहे हे त्याला किती नीट कळत होतं ते तुमच्या लक्षात येईल.

मंगळवारी मार्लिसबाई हॅलव्हर्सनच्या रंगाची, म्हणजे जांभळी साखर लावलेल्या वड्यांचं ताट घेऊन आल्या. दार नेमकं ब्रिटाने उघडलं. कुणीतरी काहीतरी चुकीचं ऐकलं असेल, म्हाताऱ्या माणसांचं असंच, असं कर्टने वर्तमानपत्रात तोंड खुपसून सांगितलं. बुधवारी टपालवाल्याने तिचं अभिनंदन केलं. गुरुवारी दाताच्या डॉक्टरने तिच्या तोंडात आरसा घालून केलं, तेव्हा तर बिचारीला नाही म्हणायचीही सोय नव्हती. कर्टला आता रात्रीचं जेवण जाईना. स्टिकर काढावा, तर गावाला काय सांगायचं? ठेवावा, तर तारीख जवळ येत होती आणि पोरीचा चेहरा रोज थोडाथोडा लहान होत होता.

शुक्रवारी शाळेच्या फुटबॉलचा सामना होता. मध्यंतरात शाळेचा बँड मैदानात उतरला. ब्रिटा त्यात ट्रॉम्बोन वाजवते, म्हणून हॉवलँड नवराबायको गोधडी पांघरून पुढच्याच बाकावर बसले होते. तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला आणि निवेदक म्हणाला की हॅलव्हर्सन कॉलेजात निवड झाल्याबद्दल आपण सगळ्यांनी ब्रिटा हॉवलँडचं कौतुक करू या. अख्खी गॅलरी उठून उभी राहिली. पायांनी फळ्या बडवल्या. ढोलवाल्या पोराने ढोल वाजवला. मैदानाच्या मधोमध दिव्यांच्या झगझगाटात ब्रिटाने ट्रॉम्बोन खाली घेतला आणि शांतपणे गॅलरीतल्या आपल्या बापाकडे पाहिलं. कर्टला गोधडी डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटली.

गाडीकडे जाताना जॅनेल मागच्या काचेपाशी थांबली. गेला आठवडाभर ती आपल्या गाडीने कामावर जात होती, त्यामुळे व्हॅनचा मागचा भाग तिने पाहिलाच नव्हता. तिने स्टिकरवरून बोट फिरवलं.

‘‘हे तू लावलंस?’’

‘‘सरळ आहे ना?’’ कर्ट म्हणाला. 

‘‘कर्ट, तिने हॅलव्हर्सनला जावं असं मलाही वाटतं. पण तिला असं गावाच्या हातून ढकलत न्यावं असं नाही वाटत.’’

ब्रिटा आली, मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, ‘‘ठीक आहे.’’

हॉवलँडांच्या घरात कुणी ओरडत नाही. कर्टच्या आईने एकदा नवऱ्याच्या पायावर इस्त्री पाडली, तेव्हा तोसुद्धा ‘ठीक आहे’च म्हणाला होता. त्यामुळे ठीक आहे म्हटलं की घरातली जाणती माणसं खोली सोडून जातात. व्हॅनमधून कुठे जाणार? तिघं तसेच घरी आले.

शनिवारी सकाळी कर्ट खाली आला तर ब्रिटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून हॅलव्हर्सनचा अर्ज भरत होती. तीन आठवडे ज्यासाठी डोकं फोडलं ते आपसूक होत होतं. कर्टला आनंद व्हायला हवा होता. पण पोरगी दाताचं मूळ काढून घ्यायला बसल्यासारखी बसली होती आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली की सहीची जागा शेवटच्या पानावर आहे, सावकाश कर. कर्टने कॉफी ओतून घेतली, ती न पिताच सिंकमध्ये ओतली आणि जॅकीट चढवून तो बाहेर पडला. स्टिकर काढायचा! आत्ताच्या आत्ता!

रात्रभरात कडाक्याची थंडी पडली होती आणि व्हॅनच्या काचांवर पांढरं दहिवर गोठलं होतं. कर्टने नखाने स्टिकरचा कोपरा उचकटून पाहिला. नख तुटलं. पातं लावलं तर पातं सटकलं. फरशीवरचा डिंक काढायचं औषध चोळलं, त्याने हातमोजा तेवढा काचेला चिकटला. पाणसळ धरून लावलेला स्टिकर तो, असा कसा निघेल? शेवटी कर्टने सामानातली हीट गन, म्हणजे कढत हवेचा झोत सोडणारं यंत्र, काढली. जुन्या फरशांचा डिंक ती लोण्यासारखा वितळवते. गोठलेल्या काचेवर एकदम उष्णता सोडायची नाही, हे मिनेसोटात माणूस चालायला शिकतो त्या वर्षी शिकतो. कर्टलाही ते माहीत होतं. बटण दाबताना ते त्याच्या डोक्यात आलंसुद्धा. पण आत टेबलाशी ती पोर एकेक रकाना भरत चालली होती, आणि त्याचं बोट डोक्याच्या पुढे गेलं.

फाट्! मागच्या काचेचा अख्खा भुगा झाला आणि साखरेसारखा खाली ओघळला. ओघळला नाही तो फक्त स्टिकरखालचा एक तुकडा. स्टिकरने स्वतःपुरती काच घट्ट धरून ठेवली होती. वरच्या कडेला लोंबकळत तो तसाच राहिला, हॅलव्हर्सन हे नाव स्वच्छ वाचता येत होतं, आणि गळ्याशपथ सांगतो, अजूनही तो सरळ होता.

आवाज ऐकून ब्रिटा पायात चपला अडकवून बाहेर धावली. बापाला कुठे लागलं नाही ना ते तिने आधी बघितलं. मग ती त्या तुकड्याकडे बघत राहिली.

‘‘बाबा, तू काय करतोयस?’’

‘‘मी चुकलो,’’ कर्ट म्हणाला. ‘‘मला वाटलं, लोकांनीच ठरवून टाकलं तर तुला वाट बघावी लागणार नाही. मला तरी नाही लागणार. मला भीती वाटते गं. तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझे वडील म्हणाले, एक वर्ष थांब, माझी पाठ बरी होईपर्यंत धंदा सांभाळ, मग जा कॉलेजला. थांबलो. ते वर्ष अजून चालूच आहे.’’

हे त्याने आजवर घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. ब्रिटाने नाक ओढलं. थंडीने असेल.

‘‘तुला कुणीतरी थांबवलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मला मी थांबवतेय. कदाचित मी हॅलव्हर्सनलाच जाईन, बाबा. मला आवडलं होतं ते. पण माझं मी ठरवून जाईन.’’

कर्टची भीती जराही कमी झाली नाही, तरी त्याने मान डोलावली. सही करत नाही, म्हणाला. ब्रिटाने आत जाऊन लॅपटॉप मिटला, जॅनेलने तिच्यापुढे अंडी ठेवली, आणि बापलेकींनी मिळून व्हॅनच्या मागे रंगकामाचं प्लॅस्टिक चिकटपट्टीने डकवलं.

गावाला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रविवारी कर्टने पास्टरबाईंना विचारून कॉफीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष वेधलं. घरून तो चांगली चार वाक्यं पाठ करून आला होता. त्यातलं पहिलं होतं, ‘‘ब्रिटा हॅलव्हर्सनला जाणार नाहीये.’’ ते म्हटल्याबरोबर सगळ्यांचे कप हवेतच थांबले आणि पुढची तीन तो साफ विसरला. ‘‘म्हणजे, ती थांबतेय,’’ एवढं कसंबसं म्हणून तो खाली बसला. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल विचारणं इथे शिष्टाचारात बसत नाही. सगळ्यांनी कॉफीत बघितलं, मग छताजवळच्या खिडकीतून बाहेर बघितलं, आणि बाहेर हॉवलँडांची व्हॅन उभी होती. स्टिकर गायब, काच फुटलेली, प्लॅस्टिक वाऱ्यावर फडफडतंय. कॉलेजने पोरीला नाकारलं आणि बापाने रागाच्या भरात काच फोडली, हे समजायला आणखी काय लागतं?

दुपारपासून हॉटडिशी यायला लागल्या. कुणाकडे मयत झाली, कुणाचं घर जळलं, कुणाचा नवरा पळून गेला, की खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याचा थर घालून भाजलेलं हे जडशीळ भांडं दारात येतं. कुणी बेल वाजवत नव्हतं. पायरीवर ठेवून, गाडी हळू चालवत निघून जात होते. फक्त मार्लिसबाई आत आल्या. कर्टने त्यांना जीव तोडून सांगितलं की नाकारलं कुणीच नाही, अर्जच केला नव्हता, तो स्टिकर मीच घाईने लावला होता.

‘‘हो रे बाबा,’’ बाई त्याचा हात थोपटत म्हणाल्या. ‘‘असंच सांगायचं सगळ्यांना.’’

त्या गेल्यावर तिघं टेबलाशी बसले. आधी जॅनेलला हसू फुटलं आणि मग कुणालाच आवरेना. बऱ्याच वेळाने ब्रिटाने डोळे पुसले, काट्याने बटाटा उलटापालटा केला आणि एकदम गंभीर झाली.

‘‘बाबा, आणि एप्रिलमध्ये खरंच सगळीकडून नकार आला तर?’’

 गेला महिनाभर हाच प्रश्न कर्टला खात होता. त्याने बायकोकडे पाहिलं, ओट्यावर न मावणाऱ्या भांड्यांकडे पाहिलं आणि घोटभर पाणी प्यायला.

‘‘तर काय,’’ तो म्हणाला, ‘‘तोवर हे फ्रीजरमध्ये टिकेल.’’