भाऊसाहेबांच्या सात्त्विक मुंग्या

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल होतं, आणि त्यानं मुंग्या खाणं सोडलं होतं. इथेच हसू नका. हसायला पुढे जागा आहे.

अस्वलाचं नाव भाऊसाहेब. वारुळं उकरून उकरून त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा ते सात्त्विक झाले. खायच्या नाहीत तर निदान पाळाव्यात, म्हणून त्यांनी काचेच्या पेटीत एक राणी मुंगी आणि तीस कामकरी मुंग्या आणून ठेवल्या.

रोज सकाळी ते पेटीत मधाचं बोट लावत. रविवारी बेदाणा. पाहुणा आला की पेटीवरचं फडकं ओढून म्हणत, "बघा आमची मंडळी! मांसाला शिवत नाहीत."

राणीनं अंडी घातली. त्यांतून बारा अळ्या निघाल्या. अळ्या म्हणजे मुंग्यांची तान्ही बाळं. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, सदा तोंड उघडून बसलेली.

ठकू नावाची थोरली कामकरी काचेपाशी आली. "भाऊसाहेब, मधावर आमचं भागतं. बाळांचं भागत नाही. त्यांना वाढायला किडा लागतो."

"शिव शिव! माझ्या घरात?"

"मारू नका हो. दाराशी माशी मरून पडलीय. तीच इकडे ढकला."

"आज मेलेली मागताय, उद्या जिवंत मागाल. आणि शेजारी काय म्हणतील?"

भाऊसाहेबांनी माशीला पेटीसमोरच खड्डा खणून पुरलं. वर तुळशीचं पान ठेवलं. तीस मुंग्या काचेतून बघत होत्या. मग भाऊसाहेबांनी मध दुप्पट केला, कारण मन त्यांचं मोठं होतं.

बाराच्या नऊ अळ्या झाल्या. नऊच्या पाच. एके सकाळी पाहुण्यांसमोर फडकं ओढलं, तर ठकू एक अळी चावत होती.

भाऊसाहेबांनी घाईघाईनं फडकं परत टाकलं. "इतका मध घालूनही? स्वतःच्या लेकरांना?"

पोपटशास्त्रींना बोलावणं गेलं. शास्त्रींनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं, "संस्कार कमी पडले."

मग आठ दिवस पेटीपाशी मातृप्रेमावर प्रवचन झालं. श्रोत्यांचं लक्ष लागावं म्हणून शास्त्री मधूनमधून काचेवर चोच आपटत. दर टकटकीला मुंग्या घाबरून बाळांना उचलून सैरावैरा पळत. आठव्या दिवशी एकच अळी उरली.

राणी स्वतः काचेपाशी आली. "भाऊसाहेब, जी बाळं खाल्ली, तीच उरलेल्यांना भरवली. दुसरं काय होतं माझ्याकडे? ही शेवटची आहे. आत्ता तुम्ही मानेवर चापट मारलीत. तो डास तरी द्या."

भाऊसाहेबांनी पंजा पाहिला. डास होता खरा.

"तो अपघात होता," असं म्हणून ते पंजा धुवायला ओढ्यावर गेले. परत येईपर्यंत पेटीत एकही अळी नव्हती. भाऊसाहेब ढसाढसा रडले. खोटं नाही सांगत, अगदी मनापासून रडले.

पुढच्या महिन्यात जंगलानं त्यांना जीवदया पुरस्कार दिला. शाल, श्रीफळ, फोटो. शास्त्री म्हणाले, "घरचीच मंडळी राक्षसी निघाली, तरी यांनी तत्त्व सोडलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सत्काराला शोभा म्हणून पेटीही मंचावर ठेवली होती. त्या कडकडाटातच राणीनं एक अंडं घातलं.

ठकूनं विचारलं, "हे सांभाळायचं का?"

टाळ्या थांबल्या. मग राणी म्हणाली, "आत्ताच खाऊन टाक. त्यानं तोंड उघडलं, की मला जमायचं नाही."

तात्पर्य : बाळांनो, दुसऱ्याच्या ताटात काय वाढायचं, ते नेहमी आपणच ठरवावं. म्हणजे आपले हात स्वच्छ राहतात आणि पाप खाणाऱ्याच्या तोंडाला लागतं.