सुवैलिमची टायमिंग चेन

"मिस्त्री कशाला? तो काय आभाळातून पडलेला असतो?" सुवैलिमनं बाह्या सरसावल्या. "दुपारच्या आत कॅमशाफ्ट नवा, टायमिंग चेन नवी! उद्या तुझ्या भाचीच्या लग्नाला मआनला याच गाडीतून मिरवत नेतो तुला!"

फिद्दा गप्प बसली. बायको गप्प बसली की शहाण्या नवऱ्यानं घाबरावं. सुवैलिम शहाणा नव्हता, खुशीत होता.

मागं त्यानं गिअरबॉक्स उघडला होता, तेव्हा फिद्दाला ईदला माहेरी जायला भावाच्या, दहामच्या, गाडीत बसावं लागलं होतं. वाटभर टोमणे! त्यावरून सुवैलिमचं दहामशी भांडणही झालं होतं. म्हणून सुवैलिमनं बॉनेट उचलल्याबरोबर तिनं चपला घातल्या आणि ती कुठंतरी जाऊन आली.

गाडी म्हणजे जुनी लँडक्रूझर. हाडानं दणकट, रंगानं उडालेली. ज्या टेकाडावर दहामची कोरी गाडी पोटापर्यंत रुतली, तिथून हिनंच तिला दोर लावून बोकडासारखी ओढून आणली होती. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा अकब्याच्या मिस्त्रीनं बॉनेटला हातही न लावता निकाल दिला, "भंगारात घाल." असल्या मिस्त्रींच्या नानाची टांग! दुरुस्ती येत नाही तेच 'नवी घ्या' म्हणून सांगतात!

आणि खरं सांगायचं तर काम झकास चाललं होतं. व्हॉल्वची उघडझाप करणारा झिजलेला कॅमशाफ्ट निघाला, नवा बसला. त्याला फिरवणारी नवी चेन चढली, खुणेला खूण जुळली. आता चेन ताणून धरायची आणि तो ताण टिकवणारा टेन्शनर बसवायचा. चेन एक दात जरी सरकली तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटणार आणि त्या मिस्त्रीचं म्हणणं खरं होणार! पण चेन धरायला दोन हात लागतात आणि टेन्शनर बसवायला तिसरा. तो अल्लानं दिलेला नाही.

नेमके त्याच वेळी टोळीतले वडीलधारे हाजी मुफद्दी आले, मागं आणखी दोन म्हातारे. पांढरेशुभ्र झगे, गंभीर चेहरे. फिद्दानं लगेच कॉफी आणली. जरा जास्तच लगेच! हाजींनी पेला घेतला आणि तोंडाला न लावता वाळूवर ठेवला. पाहुण्यानं असा पेला ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. यजमान हो म्हणेपर्यंत तो घोट घेत नाही.

'दहामशी झालेलं भांडण मिटवायला आले असणार,' सुवैलिमला वाटलं. चेन धरून धरून त्याची बोटं बधिर व्हायला लागली होती.

"प्या हो हाजी!" तो इंजिनात डोकं घालूनच ओरडला. "मागाल ते दिलं! या मिशीची शपथ!"

तिघांनी एका दमात पेले रिकामे केले.

"अल्ला तुझं भलं करो," हाजी म्हणाले. "आजपासून या गाडीला तू पाना लावायचा नाहीस."

"काय?"

"फिद्दाचं मागणं आहे. आम्ही फक्त पोचवलं."

"अहो हाजी, पण तुम्हाला सकाळी सांगितलं होतं!" फिद्दा कळवळली. "यांनी इंजिन उघडायच्या आत या म्हणून! आता उद्या लग्नाला जाऊ कशी?"

"वाटेत चार घरं लागली. चारी घरी कॉफी झाली. नाही म्हणता येतं का?"

दुसरा कुणी असता तर 'ऐकूच आलं नव्हतं' म्हणून मोकळा झाला असता. सह्या करून शब्दाला फिरणारी बडी बडी माणसं पाहिली आहेत! सुवैलिम फिरला नाही. तो म्हणाला, "दिलं म्हणजे दिलं. पाना लावत नाही. पण हाजी, हात सोडले तर इंजिन मरेल, आणि नाही सोडले तर मी मरेन!"

हाजींनी दाढी खाजवली. "चेन धरू नको असं कुठं मागितलंय आम्ही? तू धर." आणि त्यांनी शुभ्र बाही वर करून पाना उचलला!

"हा बोल्ट का रे?"

"हाजी, ते माझं बोट आहे!"

"मग हलतंय कशाला? गप धर!"

दुसरा म्हातारा टेन्शनर उलटा धरून "हाच बरोबर" म्हणत होता, तिसरा दोघांना शिव्या देत होता. सुवैलिम घसा बसेपर्यंत ओरडून सांगत राहिला. पण मानलं पाहिजे! टेन्शनर बसला, कव्हरं बसली. हाजींनी पान्यानं इंजिन सावकाश फिरवून पाहिलं. काही अडलं नाही, काही आपटलं नाही. ऊन कलताना चावी फिरली आणि गाडी अशी गुरगुरली, जशी पोट भरलेली मांजर! म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हाजींच्या दाढीला ऑइल लागलं होतं. ते त्यांनी पुसूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिद्दा नटून बाहेर आली. मागोमाग सुवैलिम, मिशीला पीळ देत. चालकाच्या जागेवर हाजी मुफद्दी बसलेले!

"हाजी, तुम्ही?"

"ज्या इंजिनात मी हात घातला, ते दुसऱ्याच्या ताब्यात देऊ? बस मागं!"

शेजारी दुसरा म्हातारा. मधल्या सीटवर फिद्दा आणि तिसरा. अगदी मागं, आहेराच्या बकरीशेजारी, सुवैलिम.

आणि मआन येईपर्यंत हाजी त्याला टायमिंग चेन कशी बसवतात ते समजावून सांगत होते.