शेरडांनी पास केलेला आवाज

माण तालुक्यातल्या आपल्या घरात बसून स्वप्नानं ‘शेरडं हाका’ नावाचा मोबाइल गेम बनवला, आणि तो भरला चक्क एकशे चाळीस एमबी! पुण्याच्या कंपनीची अट पन्नासची. दुपारी बाराला व्हिडिओ कॉलवर मुलाखत. जमलं तर घरबसल्या नोकरी. नाही तर मुंबईला मामाच्या कुरिअरच्या दुकानात पाकिटं चिकटवणं. म्हणून स्वप्ना पहाटेच गेमचं वजन उतरवायला बसली.

सुरुवातीचा व्हिडिओ एमपीफोर केल्यावर थोडं वजन उतरलं. मग तिनं धडाधड सगळी चित्रं जेपीजी करून टाकली. वजन झर्रकन उतरलं, पण प्रत्येक शेळीभोवती पांढरा चौकोन उमटला!

“अगं बया! ही शेरडं हायत का आधार कार्डावरचं फोटू?” मागं उभी असलेली बनाआत्या म्हणाली. घरची शेरडं आत्याची, गेममधली हाकही आत्याच्याच आवाजातली. त्यामुळं तिचा अधिकार मोठा.

“जेपीजीत आरपार काय दिसत न्हाई गं आत्ये. पीएनजीच ठेवाय पायजे,” म्हणत स्वप्नानं चित्रं पूर्ववत केली आणि मोर्चा आवाजाकडं वळवला. आत्याची हाक वेव फाइलमध्ये होती, सगळ्यात जड तीच. स्वप्नानं ती एमपीथ्रीत पार चेपून टाकली.

आत्यानं ऐकून कपाळावर हात मारला. “ह्यो माझा आवाज न्हाई. ही कोण सर्दी झालेली बाई हाय?”

“कुणाला कळतंय, आत्ये?”

“शेरडास्नी कळतंय! चल गोठ्यात.”

आणि खरंच की! एमपीथ्री लावली, शेरडं निवांत रवंथ करत राहिली. वेव लावली, सगळी ताडकन उभी. मग मात्र स्वप्नाला चेव चढला. ओजीजी नावाची फाइल करून, दर्जा थोडा कमी, थोडा जास्त, असं करत ती लॅपटॉप घेऊन गोठ्यातच ठाण मांडून बसली. सातव्या खेपेला म्हातारी बांडी शेळी उठली आणि लॅपटॉप चाटायला लागली. गेम अठ्ठेचाळीस एमबी! स्वप्नानं बांडीचा मुकाच घेतला.

बाराला कंपनीचे जयराज सर कॉलवर आले. रुबाब पाडायला स्वप्नानं गावच्या जयंतीच्या मिरवणुकीतला मोठा स्पीकर जोडला होता. “खेळून दाखवा,” सर म्हणाले. हाक सुटली मात्र, गोठ्याचं फळकूट मोडून शेरडं थेट घरात! एक टेबलावर चढली, एकीनं बायोडेटा खाल्ला. ओजीजी संपली की टोकाला टोक जुळवून पुन्हा पहिल्यापासून वाजते, मध्ये श्वासही घेत नाही; हाक थांबेचना. आणि त्या गर्दीत स्वप्नाला लॅपटॉपपर्यंत पोचता येईना. संपलं सगळं, आता पाकिटंच, असं वाटून तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

सर मात्र हसून हसून खुर्चीवरून घसरले. “एवढा नेमका आवाज तपासला कुणी?”

“ह्यांनीच, सर!” स्वप्नानं शेरडांकडं बोट दाखवलं.

“किती जणी आहेत?”

“चौदा.”

सरांनी डोळे पुसत फॉर्मवर ‘आवाज तपासणी: चौदा जणी’ असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. साहेबांनी लिहिलेलं काही न विचारता पुढं सरकवणारा इमानी कारकून त्या कंपनीतही होता. स्वप्नाला नोकरी, घरूनच. शिवाय आवाज तपासणी विभागात चौदा जणींची नेमणूक, त्यांनी आपापली कागदपत्रं आठवड्यात पाठवावीत.

स्वप्ना अंगणभर नाचली. आत्यानं तिच्याकडून पत्र दोनदा वाचून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाली, “सही करायच्या आदी बाळंतपणाची रजा किती मिळती, त्ये इचार. चौघी गाभण हायत.”