संमतिपत्रावर बायकोची सही

सुरुवात अंडी उकडण्यावरून झाली. अंडी किती मिनिटं उकडायची, हे चौदा वर्षांच्या संसारात मला एकदाही लक्षात राहिलेलं नाही. म्हणून मी घरातला टॅबलेट उघडला. (बायकोला विचारता आलं असतं, पण ती आंघोळीला गेली होती, आणि बंद दाराबाहेरून विचारलेल्या प्रश्नांना ती उत्तर देत नाही.) तेवढ्यात पडद्यावर वरून बायकोला आलेल्या निरोपाची एक ओळ घसरत खाली आली.

'गुरुवारी तुमची खिडकीजवळची जागा ठेवली आहे. तीनला या.'

पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी एकच अक्षर होतं : 'ग'. मी डोळे चोळेपर्यंत ओळ नाहीशी झाली. अंडी पाऊण तास उकडली.

माझी बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे प्रुफातल्या चुका काढते. रोज साडेतीनला घरी येते, फक्त गुरुवारी साडेपाचला. गुरुवारी काम जास्त असतं, असं मीच माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या गुरुवारी मी ऑफिसातून छापखान्यात फोन लावला.

"त्या तर अडीचलाच गेल्या," पलीकडचा माणूस म्हणाला. "दर गुरुवारी जातात."

मी आवक-जावक विभागात कारकून आहे. समोरून गेलेलं पत्र कुठे पोचलं हे मला बिनचूक सांगता येतं, आणि स्वतःची बायको दर गुरुवारी कुठे जावक होते याची नोंद माझ्याकडे नव्हती!

समोरच्या टेबलावरचा सहकारी एक वर्ष लॉ कॉलेजात गेला होता, म्हणून त्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बायकोचा फोन गुपचूप उघडला तर काय होतं?"

"कुणाच्या बायकोचा?"

"एका मित्राच्या."

"मित्राला सांग, अंगाशी येईल. मित्र आत जाईल आणि मित्राच्या टेबलावरचं काम माझ्या डोक्यावर येईल. तेव्हा तू असलं काही करू नकोस."

मग त्यानेच एका डिजिटल तपास करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. चष्म्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि कुलूपबंद कपाट. बाईंनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. (वीस मिनिटं. मी थोडक्यात सांगितलं.)

"फोन त्यांचा आहे?"

"हो."

"मग तो विसरा. चोरून माग काढणारं ॲप बसवायचं मनात असेल, तर तेही विसरा. टॅबलेट कुणाचा?"

"दोघांचा."

"मग दोघांची सही लागेल." त्यांनी संमतिपत्र पुढे केलं.

"म्हणजे जिच्यावर संशय, तिचीच परवानगी काढायची?"

"तुम्हाला कायदेशीर मार्ग हवाय ना?"

हवा होता. मी संशयसुद्धा नियमाप्रमाणे घेणारा माणूस आहे. संध्याकाळी मी संमतिपत्र विम्याच्या दोन अर्जांच्या मध्ये सारलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "अगं, तीन ठिकाणी सही कर बरं."

पण एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. माझी बायको खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पहिला अर्ज तिने वाचला, सही केली. दुसऱ्या कागदावर तिचं पेन थांबलं.

"'उपकरण' मधला उ ऱ्हस्व असतो," ती म्हणाली आणि तिने तो दुरुस्त केला. मग पेन दोन ओळी खाली सरकलं. "'जोडीदाराच्या कथित विवाहबाह्य संबंधांबाबत.' कथित? कुणी कथन केलं?"

"मी."

"कुणाकुणाला?"

"तपासवाल्या बाई सोडून फक्त वकीलसाहेबांना. तेही मित्राच्या नावाने."

ती ओरडली असती, रडली असती, तर मला हायसं वाटलं असतं. तिने सही केली.

"एक अट. अहवाल वाचतील तेव्हा मी समोर असेन."

टॅबलेट बाईंकडे पोचला, आणि पुढचे चार दिवस बायको माझ्याशी अत्यंत शुद्ध भाषेत बोलली. 'जेवण वाढले आहे,' असं म्हणायची. वाढलंय नाही, वाढले आहे! 'ग' म्हणजे कोण? गायक? गवंडी? गणिताचे मास्तर? आणि खरंच कुणी निघाला, तर मी काय करणार होतो? पहिल्यांदाच मला वाटलं, टॅबलेट परत आणावा आणि आयुष्यभर कच्ची अंडी खावीत.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं त्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसलो. बाईंनी चष्मा लावला आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'ग' या नावाशी झालेले संदेश. जोडीदार : आज दोन तास मिळाले तरी पुरे. ग : या, इथे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. घरी माहीत आहे का? जोडीदार : नाही. कळलं तर तेही यायचं म्हणतील."

बायको खिडकीबाहेर बघत होती.

"हा क्रमांक," बाईंनी पान उलटलं, "सार्वजनिक वाचनालयाचा आहे. शांतता कक्ष."

"ग म्हणजे ग्रंथपाल," बायको म्हणाली. "सत्तर वर्षांच्या आहेत."

"मग लपवलंस कशाला? मी काय वाचनाला नाही म्हटलं असतं?"

"मी तिथे वाचत नाही. नुसती बसते." ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. "दिवसभर छापखान्यात शब्द. घरी आले की तुमचे शब्द. आठवड्यातून दोन तास मला कुणी काही सांगू नये, एवढंच हवं असतं. हे तुम्हाला सांगितलं असतं, तर त्यावर तुम्ही किती बोलला असतात?"

तपासवाल्या बाईंनी अकारण कपाटाचं कुलूप तपासलं. माझी वीस मिनिटं त्यांना आठवत असावीत.

दुसरा पुरुष निघाला असता, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. पण बायको शांततेच्या मागे लागल्यावर नवऱ्याने कुणाची कॉलर धरायची? घरी जाताना मी एवढंच म्हणालो, "चुकलो." त्यावर स्पष्टीकरण द्यायची उबळ आली होती, ती गिळली.

आणि मी गप्प झालो. सकाळी चहा गप्प. संध्याकाळी जेवण गप्प. ऑफिसातल्या गमती ओठांपर्यंत यायच्या, त्या मी पाण्याबरोबर खाली ढकलायचो. तीन दिवस! चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे पाणावलेले होते.

"अहो, बोला ना काहीतरी."

मला भरून आलं. "खरंच बोलू?"

"बोला. तुमच्या बोलण्याकडे दुर्लक्ष कसं करायचं, ते मला चौदा वर्षांत छान जमलंय. या गप्प बसण्याकडे कसं करायचं, ते आता नव्याने शिकायला लावू नका."

मी ताबडतोब बोलायला सुरुवात केली. तिने ताबडतोब ऐकणं बंद केलं.